चुलीचं आवतण

बासुंदीसाठी जास्तीचं दूध सांगितलं, तिथून हे सुरू झालं.

आम्ही तेव्हा पोलादपुरात भाड्याच्या घरात राहत होतो. आम्ही मूळचे उस्मानाबादकडचे. आमचे हे रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर फिटर होते आणि काम जिकडे जाईल तिकडे आमचं बिऱ्हाड जायचं. मी सातवीतून शाळा सोडलेली, सतराव्या वर्षी लग्न झालेली. डोंगर एवढ्या जवळून मी पोलादपूरला येईपर्यंत पाहिलाच नव्हता. पहिले सहा महिने कुणी दार वाजवलं तरी मी आधी खिडकीतून बघायचे. आपलं बोलणं इथल्या लोकांना गावंढळ वाटेल, आपण काहीतरी चुकीचं करू, मग लोक हसतील, हीच धास्ती. ती धास्ती माझी पुढेही कधी पूर्ण गेली नाही.

त्या घरात मला दोन बायका मिळाल्या. दोघी माझ्या कुणी नव्हत्या.

एक आमच्या माडीवर राहायची. तिचा नवरा स्वीडनहून आलेला, बोगद्यात दगड फोडणारं मशीन त्याच्या देखरेखीखाली चालायचं. कंपनीने त्यांना वरचा मजला घेऊन दिला होता. तिला सगळे मॅडम म्हणत. ती उंच, उन्हाने लाल झालेली, केस पिंजरलेल्या कापसासारखे. नवरा बोगद्यात गेला की दिवसभर एकटी. आठवड्याभरात ती खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायला लागली. मला इंग्रजी येत नव्हतं, तिचं इंग्रजीही म्हणे तसं बेताचंच. "ये, बस, गरम, पुरे, अजून" एवढ्या मराठीवर आमचं चालायचं. माझं बाळंतपण आषाढात आलं. कळा सुरू झाल्या तेव्हा हे ड्युटीवर, आणि वर घाटात दरड कोसळून एसटी बंद. तिने कंपनीची जीप मागवली, मला मांडीवर आडवं घेतलं आणि महाडच्या दवाखान्यात पोचवलं. लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिने.

दुसरी म्हणजे दूध घालणारी मावशी. महाबळेश्वरच्या घाटाच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, दहा-बारा घरांची. तिथून ती रोज दीड तास उतरून यायची, डोक्यावर दोन किटल्या. मी बाळंतीण होऊन घरी आले आणि माझी आई काही येऊ शकली नाही. एवढ्या लांबून कोण आणणार तिला, आणि वडील अंथरुणावर. मी मागच्या पायरीवर रडत बसले होते. मावशीने किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "रडतेस काय गो बाय? पानी तापव. पोरीला न्हाऊ घालायचं मला काय नवीन हाय?" त्या दिवसापासून सव्वा महिना तिने लेकीला आणि मला तेल लावून न्हाऊ घातलं. चहाशिवाय कधी काही घेतलं नाही.

मॅडमची आणि मावशीची ओळख माझ्याच पायरीवर झाली. मावशी तिला मॅडम म्हणायची नाही. "गो गोरे" अशी हाक मारायची आणि गोरी धावत जिना उतरायची. मग एकदा ती मावशीबरोबर वाडीवर गेली, दोन दिवस राहून आली, हाताला फोड आणि चेहरा फुललेला. ताक घुसळायला शिकली होती, आणि मावशीची एक काळी म्हैस तिची लाडकी झाली होती. नंतर दर पंधरा दिवसांनी जायची. मावशी मला सांगायची, "तुज्यापेक्षा चांगलं घुसळते ती. तुमच्या घाटावरच्या बायकांना लोनी काढता येत नाय." मी म्हणायचे, "मावशी, आमच्याकडं म्हशीच लोणी काढून देतात." मग ती हसून हसून किटली सांडायची.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, गोरीच्या नवऱ्याचं काम संपलं. सोमवारी पहाटे ते मुंबईला निघणार, तिथून विमान. मी ह्यांना म्हणाले, आपण त्यांना निरोपाचं जेवण देऊ. रविवारी दुपारी. हे म्हणाले, देऊ की, आपण चौघं आणि मावशी. तेवढंच ठेवलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण ह्यांनी साइटवर गोष्ट बोलून दाखवली आणि मोठे साहेब म्हणाले, अरे वा, आम्हालाही बोलवा. मोठ्या साहेबांचं कुटुंब महाडला राहायचं. साहेब येणार म्हटल्यावर हाताखालचे दोन इंजिनियर आणि त्यांच्या बायका आल्या. शेजारच्या शाळेच्या बाई आल्या. घरमालक, त्यांचं महाडच्या बाजारात भांड्यांचं दुकान, तेही सहकुटुंब. बावीस माणसं झाली. माझी झोप उडाली. आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. सातवी शिकलेल्या बाईच्या घरी साहेबाची बायको जेवायला येणार. मी गावी पत्रातही लिहून टाकलं.

पत्र लिहिलं त्याच सकाळी मावशी दूध घेऊन आली. मी म्हणाले, "मावशी, शनिवारी संध्याकाळी दहा लिटर जास्त लागेल."

"यवढं? दुसरं बारसं हाय का काय गो? मला बोल्ली नायस ती!"

"बारसं नाही हो. मॅडम निघाल्या त्यांच्या देशाला. जेवण करतेय."

मावशीने किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "जातेय ती? कायमची?"

"हो. रविवारी दुपारी जेवण. तुम्ही पण या. सगळ्यांना घेऊन या, त्या दिवशी वर चूलच पेटवू नका."

हे शब्द मी बोलले. आमच्याकडे त्याला चुलीचं आवतण म्हणतात. तसं आवतण दिलं की त्या घरातलं तान्हं, म्हातारं, पाहुणा, कुणी मागे राहत नाही आणि त्या घरी त्या वेळेला विस्तव पेटत नाही. हे आवतण द्यायला घरची बाई स्वतः कुंकू आणि तांदूळ घेऊन दारात जाते. मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आले की मी कुंकू-तांदूळ घेऊन गेले नव्हते, मी पायरीवर उभी राहून सहज बोलले, मावशीला ते गोड बोलणं वाटायला हवं होतं. पण ते खरं नाही. मला त्या शब्दांचं वजन ठाऊक होतं. मला एवढंच वाटलं की इकडे डोंगरावर ही रीत नसेल, आणि दीड तास उतरून येतंय कोण. बोलायला काय जातं.

मावशी म्हणाली, "येतव." किटली उचलून गेली.

शनिवारी संध्याकाळी तिने दूध आणून दिलं. रात्रीपर्यंत मी बासुंदी आटवत होते. शाळेच्या बाई मदतीला आल्या होत्या. त्यांनीच ठरवलं, पंगत नको, टेबलावर सगळं मांडायचं, ज्याने त्याने घ्यायचं. "परदेशी माणसांना खाली बसवायचं नसतं," त्या म्हणाल्या. गोरी माझ्या स्वयंपाकघरात रोज मांडी घालूनच बसायची, पण मी हो म्हटलं. मसालेभात, भरली वांगी, बटाट्याची भाजी, पुऱ्या, आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी, बासुंदी. जिलबी महाडहून आणली. बावीस माणसांचं, वर चार-पाच जणांचं जास्त. त्या जास्तीत मी मावशीला धरलं होतं. एकटीला.

रविवारी बारा वाजता मंडळी आली. मी गोरीला माझी मोरपंखी साडी नेसवली होती, ती तिला घोट्याच्या वर येत होती, त्यावर सगळे हसले, तीही हसली. साहेबांच्या बायकोने माझ्या पडद्यांचं कौतुक केलं. सगळं जमत होतं. गोरी दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून विचारी, "मावशी?" मी म्हणे, "येईल."

मी पुऱ्या तळायला मागे आले आणि खिडकीतून दिसलं. वाटेवरून एकामागे एक उतरत होते. पुढे मावशी. मागे तिचा म्हातारा, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात काठी. मग दोन मुलगे, दोन सुना, एकीच्या कडेवर तान्हं. चार पोरं, डोक्याला तेल चोपडलेली, एकाच्या अंगात शाळेचा सदरा. अकरा माणसं. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. सुनांनी पायातल्या चपला हातात घेतल्या होत्या, धुळीने खराब होऊ नयेत म्हणून.

मी मागच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मावशी, एवढे सगळे?"

ती थबकली. "तूच बोल्लीस ना बाय? चूल पेटवू नको म्हनून?" तिने हसून म्हटलं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. टेबल, बूट घातलेली माणसं, हातात ताटल्या. आणि मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काय दिसलं असेल तिला, ते मला आरशाशिवाय माहीत आहे.

"बसा ना जरा झाडाखाली," मी म्हणाले. "आतलं आटपलं की वाढतेच."

मागे आंब्याचं झाड होतं. ती सगळी तिथे बसली. म्हाताऱ्याने काखेतून काहीतरी काढलं, फडक्यात गुंडाळलेलं. ताक घुसळायची रवी होती. शिवणीच्या लाकडाची, नवी कोरी, दांड्यावर वेल कोरलेला. मावशी म्हणाली, "गोरीसाठी केलीय ह्येनी. पंधरा दिस कोरत व्हते. ती आली म्हंजे देते."

म्हणजे ती जाणार हे मी मावशीला सांगायच्या आधीच म्हाताऱ्याने ओळखलं होतं. किंवा कधीतरी जाणारच हे धरून म्हाताऱ्याने ती करायला घेतली असेल. मी विचारलं नाही. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

हे स्वयंपाकघरात आले. त्यांनी खिडकीतून बघितलं. "त्यांना आत घे की."

"आता? साहेबांसमोर? अकरा माणसं आहेत, पुरणार आहे का?"

"मग दुसरं टाक चुलीवर."

"सगळ्यांच्या देखत? कमी पडलं म्हणून बोंब मारू?"

हे मागच्या दाराने बाहेर गेले आणि म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले. त्याला तंबाखू मळून दिली. साहेबांनी दोनदा विचारलं, आमचा फिटर कुठे गेला, तरी आले नाहीत. त्यांचं मला तेव्हा भयंकर राग आणणारं वागणं आज माझ्या घरातल्या एकुलत्या शहाण्या माणसाचं वाटतं.

डब्यात पाच किलो तांदूळ होते. पीठ होतं, बेसन होतं. पिठलं-भात व्हायला अर्धा तास लागतो. मी ते केलं नाही.

साहेबांची बायको पाणी प्यायला आत आली. तिला खिडकीतून पोरं दिसली. "मागे कोण बसलंय हो?"

"दूधवाली आहे," मी म्हणाले.

"एवढी माणसं घेऊन?"

"डोंगरावरची माणसं अशीच येतात."

ती "अच्छा" म्हणून गेली. मावशी तोवर झाडाखालून उठून पायरीजवळ येऊन बसली होती. खिडकी उघडी होती. तिने ऐकलं की नाही ते मला माहीत नाही. मी तेव्हा बघितलं नाही, म्हणून माहीत नाही.

पुढच्या खोलीत जेवणं चालली होती. लोकांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेतलं, वांग्यांचं फार कौतुक झालं. पातेल्यात पळी खरडायला लागली. गोरी पुन्हा माझ्याजवळ आली. या वेळी तिने माझा हात धरला. "मावशी कुठे? मावशी नाही?"

समोरच शाळेच्या बाई आणि साहेबांची बायको होत्या. मी म्हणाले, "लांब आहे ना. नाही जमलं तिला."

गोरीला सगळे शब्द कळले नसतील, पण "नाही" कळलं. तिचा चेहरा उतरला. ती पुढच्या दारातून डोंगराकडे बघत राहिली. डोंगर घराच्या मागे होता, पुढच्या दारातून नुसता हायवे दिसायचा.

मग साहेबांनी दोन शब्द बोलायचं म्हणून सगळ्यांना गप्प केलं. ते म्हणाले, आपल्या फिटरच्या मिसेसने परक्या मुलखात परक्या माणसांना घरचं केलं, शिक्षणाने नाही, मनाने माणूस मोठा होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोरीने मला मिठी मारली. अशा चार शब्दांसाठी मी जन्मभर जीव टाकत आले होते. ते ऐकताना मला मागच्या अंगणातून तान्ह्याचं रडणं येत होतं, आणि कुणीतरी उठून ते कुठून येतंय बघेल या भीतीने मी जोरजोरात टाळ्या वाजवत होते. स्वतःच्याच कौतुकाला.

मी मागे आले तर मावशी पायरीवर उभी. म्हणाली, "आमी निघतव गो. म्हशी दावणीला हायत."

"अहो, जेवण?"

"जेवून आलाव. तू नको जीवाला लावून घेऊ."

शाळेचा सदरा घातलेला पोरगा म्हणाला, "कवा जेवलाव गो आये?" मावशीने त्याच्या पाठीत हलकी चापट दिली. "गप रं. खादाड."

मला कळलं. कळूनही मला हायसं वाटलं, हे मी लिहून ठेवते. मी म्हणाले, "असं का? मग निदान बासुंदी तरी घ्या." पातेल्याच्या तळाशी चार वाट्या निघाल्या, त्या चार पोरांना दिल्या. त्यांच्याच म्हशींचं दूध. पोरांनी वाट्या चाटूनपुसून पायरीवर ओळीने ठेवल्या. सुनांनी पाणी मागून घेतलं. म्हाताऱ्याने मला रवी दिली. "बाईला सांग, कोरडी ठेव म्हनावं. नायतर तडकंल."

मग ती सगळी आली तशी वाटेला लागली. ऊन मी म्हणत होतं.

रवी मी धान्याच्या कणगीमागे ठेवली. दिली असती तर कुणी आणली, कधी आणली, सगळंच सांगावं लागलं असतं. सोमवारी पहाटे जीप आली तेव्हा मी ती गोरीच्या हातात दिली आणि म्हणाले, "मावशीने पाठवली." पाठवली. एका खोट्याला सांभाळायला दुसरं. गोरीने रवी गालाला लावली आणि रडायला लागली. वर डोंगराकडे हात करून नवऱ्याला काहीतरी विनवत होती. तो घड्याळ दाखवत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने कागदावर पत्ता लिहून माझ्या हातात कोंबला आणि जीप गेली.

मावशी नेहमीच्या वेळेला आली. मला वाटलं होतं ती येणार नाही, आणि खरं तर येऊ नये असंच मला वाटत होतं. तिने माप भरलं, वर रोजच्यासारखं थोडं जास्त ओतलं.

"गेली का?"

"गेली."

"रवी दिलीस?"

"दिली. रडली."

मावशीच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. "मी तितं मागं बसली व्हती, तर भायेर का नाय आली ती? कामात व्हती का?"

मी दुधाचं पातेलं उचललं. मग मला राहवलं नाही. मी पायरीवर बसले आणि सगळं बोलून टाकलं. गोरीने तीनदा विचारलं होतं. मी सांगितलं तुम्ही आला नाहीत. रवीही पाठवली म्हणून सांगितलं.

मावशी किटलीचं झाकण लावत होती, ते तिच्या हातात तसंच राहिलं.

"म्हंजे ती समजून गेली, मी आलीच नाय?"

"मावशी, मी..."

"पोरं उपाशी ऱ्हायली त्याचं काय नाय. घरी जाऊन भाकर केली, खाल्ली. तू घाबरट हायस, ते मला ठावं हाय, त्याचं पन काय नाय." तिचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "पन ती यवढ्या लांब जाताना असं मनात घेऊन गेली, का मावशी आली नाय. आता तिला कोन सांगंल?"

मी म्हणाले, मी पत्र लिहिते. आत्ताच लिहिते. मी वही आणली, तिथेच पायरीवर बसले. सातवीनंतर गावाकडच्या पत्रांशिवाय मी काही लिहिलं नव्हतं. मराठीतच लिहिलं, तिकडे कुणी वाचून दाखवणारं मिळेल की नाही याचा विचारही केला नाही. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. मावशी आली होती. घरची अकरा माणसं घेऊन आली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्यांना मी झाडाखाली बसवलं आणि उपाशी...

"ते नको लिवू," मावशी म्हणाली.

"का?"

"उपाशीचं नको. तिला तितं घास जायाचा नाय. आली व्हती, यवढंच लिव. आनि लिव, तिची काळी म्हस व्याली. रेडी झालीय."

मी तसंच लिहिलं. माझ्या हाताने माझा अपराध लिहायला निघाले होते, तोही मावशीने अर्धा खोडून घेतला, आणि मी खोडू दिला. पत्त्याची अक्षरं मी एकेक करून चित्रासारखी उतरवली. ह्यांनी महाडच्या पोस्टातून पत्र टाकलं.

दिवाळीनंतर बोगद्याचं आमच्या भागातलं काम संपलं आणि आमचं बिऱ्हाड रत्नागिरीकडे हललं. तोवर उत्तर आलं नव्हतं. मावशी रोज दूध घालताना विचारायची, "आलं का काय?" आणि मी मान हलवायचे. निघताना मी तिला सांगितलं, उत्तर आलं तर पोस्टमन ह्याच पत्त्यावर टाकेल, शाळेच्या बाईंकडून वाचून घ्या, मी येऊन जाईन मध्ये कधीतरी. ती म्हणाली, "ये."

आता लेकीलाही मुलं झाली. पोलादपूरवरून आमची गाडी किती वेळा गेली असेल, त्याची मोजदाद नाही. घाटाचा फाटा आला की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. उत्तर आलं असेल तर ते मावशीला माहीत. आलं नसेल तर तेही तिलाच माहीत. मी विचारायला गेलेले नाही.